गोड पाण्याचा तांब्या

आमच्या नांदुऱ्यात कुणी समुद्रावर जायची नाव बांधतं आहे, असं मला कुणी सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, बाबा, तुझं डोकं उन्हानं तापलं आहे, आधी खिशात कांदा ठेव. पण ती नाव माझ्याच नवऱ्यानं बांधली आणि मी तिच्यात राहिले, त्यामुळे मला बोलायची सोय राहिली नाही.

नवरा मालवाहू जहाजांवर फिटर होता. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर आणि मी इकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत. शेजारणी म्हणायच्या, बाई, तुमचं बरं आहे, भांडायले माणूसच घरी नाही. तो सुटीवर आला की आम्ही साचलेली भांडणं एकदम उरकून घ्यायचो. तो निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, आता हा भाजी आणेल, पेपर वाचेल, सासूबाईंच्या गोळ्या सांभाळेल. त्यानं बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगची रिकामी शेड भाड्यानं घेतली आणि लोखंडी पत्र्यांचा ट्रक मागवला.

"काय करता याचं?" मी विचारलं.

"नाव करतो. शिडाची. आफ्रिकेपर्यंत समुद्र पार करू."

"कोण करू?"

"आपण दोघं."

मी हसले. तो हसला नाही. मग मीही थांबले.

पत्रे आले तेव्हा ते अगदी सपाट होते, शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले. त्यातून काही होईल असं मला वाटलं नव्हतं. पण मी शाळेतून येताना रोज डोकवायचे आणि रोज काहीतरी वाढलेलं असायचं. आधी सांगाडा, मग त्यावर एकेक पत्रा वाकवून, जोडून. एका संध्याकाळी आत पाऊल टाकलं तर समोर गाभण गाईच्या पोटासारखा एक मोठा बाक आलेला. मी हात लावला. लोखंड दिवसभराच्या उन्हानं कोमट होतं. माझ्या नवऱ्याच्या हातात हे होतं आणि इतकी वर्षं मला माहीत नव्हतं, या विचारानं मी तिथंच उभी राहिले. घरी दूध नासलं त्या दिवशी.

गावाला काय, विषयच मिळाला. "पूर्णा नदीत घोटाभर पाणी नाही आन् हा जहाज करून राह्यला बे." पोरं येऊन व्हिडिओ काढायची. भाजीवाला मला विचारायचा, "काकू, आफ्रिकेले वांगे किती देऊ?" मीही म्हणायचे, "दे किलोभर, तुझ्या तराजूत पाऊणच भरतात." तोंडानं असं चालायचं, पण आतून मला धाकधूक होती. कारण नवऱ्यानं एक गोष्ट मला आधीच सांगून ठेवली होती.

"तू नाही म्हणलीस तर मी एकटा जाणार नाही. नाव विकून टाकीन. पण आत्ता सांगू नको. समुद्रावर ये, पाण्यावर राह्य, मंग सांग. तुह्या हाव म्हणल्याबिगर मी दोर सोडणार नाही."

मला याचा राग यायचा. एवढं लोखंड, एवढी वर्षं, सगळं माझ्या एका शब्दावर टांगलेलं. हा कोणता न्याय? बांधायचं यांनी आणि मोडलं तर पाप माझ्या माथी. मी हे त्याला बोलूनही दाखवलं. तो वेल्डिंगचा चष्मा पुसत राहिला.

शाळेत मी भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढायचे तेव्हा किनारा फार जपून काढायचे, गुजरातचं ते उघडं तोंड, खाली निमुळतं टोक. आणि समुद्र म्हणजे नकाशा काढून उरलेली जागा. तिथं निळ्या खडूनं दोन-चार लाटा काढल्या की झालं. खरा समुद्र मी एकदाच पाहिला होता, मुंबईला एका लग्नाला गेलो तेव्हा. चपला हातात, मागून पोरं ढकलून राह्यलेली, आणि कुणीतरी म्हणत होतं, चला, उशीर होते. तेवढ्यात पाणी आलं, पाय धुऊन गेलं. मी घाबरून दोन पावलं मागे सरकले. आमची ओळख एवढीच.

खारं पाणी मात्र मला नवीन नव्हतं. माझं माहेर जळगाव जामोदच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीला पाणी भरपूर, पण तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. गोड पाणी सातपुड्याच्या पायथ्याकडून यायचं, आधी बैलगाडीवर, मग टँकरनं, आता जारमधून. घरात दोन माठ असायचे, एक वापरायचा आणि एक गोड पाण्याचा. गोड्या माठाला आम्ही पोरांनी विनाकारण हात लावला की आईचा हात आमच्या गालावर. पण दारात माणूस आला, मग तो ओळखीचा असो की वाटसरू, की त्याला आधी पाणी विचारायचं आणि तांब्या भरायचा तो त्याच माठातून. घरच्यांनी नंतर प्यायचं, उरलं तर. एकदा तांब्या दिला की तो माणूस आपला. आपण त्याच्याशी वाकडं वागायचं नाही, त्यानंही आपल्याशी वागायचं नाही. लग्नाआधी मुलगी पाहायला म्हणून नवरा आमच्याकडे आला तेव्हा त्यालाही मी त्याच माठातला तांब्या दिला होता. तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "आणखी." आई आत कपाळाला हात लावून बसली.

एकदा जेवताना तो म्हणाला, "आपल्या पूर्णेच्या खोऱ्याखाली जुना समुद्र हाय म्हणतात. लय जुना. त्याचंच हे खारं पाणी." खरं-खोटं मला माहीत नाही, जाणकारांचंही यावर एकमत नाही म्हणे. पण माझा घास हातातच राहिला. आपण कापूस पेरतो, लग्नं लावतो, शाळा भरवतो, आणि खाली तो निजलेला. आमच्या आया-आज्या दोर सोडून त्याचंच पाणी वर ओढत होत्या. त्या दिवसापासून मी विहिरीत वाकून पाहायला लागले.

नाव रंगून झाली, आत ओटा आला, झोपायच्या फळ्या आल्या, तोवर मीही शाळेतून निवृत्त झाले. मग नवऱ्यानं नवा कायदा काढला: आता शेडमध्येच, पण नावेत राहायचं. अंगाला सवय झाली पाहिजे. शिडी चढून वर जायचं, मग वाकून खाली उतरायचं. आत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं मागे जायचं, आणि नेहमी मीच का जायचं यावरून आमचं वाजायचं. शेगडी झुल्यावर बसवलेली होती, नाव कलली तरी चहा सांडू नये म्हणून. मी कप तोंडाला लावला की हा मध्येच ओरडायचा, "लाट!" आणि मी एका हातानं कप, दुसऱ्या हातानं कठडा धरायचा. नांदुऱ्यात, कोरड्या ठणठणीत शेडमध्ये, मी लाटा सोसून राह्यले होते. फक्त संडासला खाली उतरायची परवानगी होती.

तरी एक सांगते. मेन लाइनवरून मालगाडी गेली की नाव अगदी हलकी थरथरायची, फळीतून ते अंगात यायचं. "पाह्य, जागी होऊन राह्यली," नवरा म्हणायचा. आम्ही दोघं बोलणं थांबवून गाडी जाईपर्यंत गप्प बसायचो. शेडच्या आढ्याला जुना कापूस चिकटलेला होता, तो थोडा थोडा खाली पडायचा. मला त्या पडण्यानं, त्या थरथरीनं देवळात वाटतं तसं काहीतरी वाटायचं.

शेवटची परीक्षा पाण्याची होती. टाक्या भरल्या आणि ठरलं की समुद्र पार करायला जितके दिवस लागतील तितके दिवस याच पाण्यावर काढायचे. नळाला पायानं दाबायचं पेडल होतं, एकदा दाबलं की ओंजळभर पाणी. नवरा मला सकाळ-संध्याकाळ व्याख्यान द्यायचा. "डिझल संपलं तर वारा हाय. वारा पडला तर वाट पाहू. पानी संपलं की बसा टाळ वाजवत." मी तांदूळ दोनदा धुतले तर हा माझ्यामागे येऊन उभा. जन्मभर मोजून पाणी वापरलेल्या बाईला हा पाणी शिकवून राह्यला, असं वाटून मी भांडी आपटायचे. पण पाळत होते.

परीक्षा निम्मी झाली असेल. मी सुईदोरा आणायला बाजारात गेले होते. परत येताना गल्लीत आरोळी उठली, नळ आले. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. आले की सगळी गल्ली एका अंगानं उठते, आणि पहिलं काम म्हणजे शिळं पाणी ओतून देणं. आदल्या खेपेचं पाणी स्वच्छ असतं, झाकलेलं असतं, तरी ते शिळं. ताजं पाणी रिकाम्या भांड्यातच भरायचं. टंचाईच्या गावात हा असला तोरा, पण आहे. नवऱ्याच्या घरी हे काम लहानपणापासून त्याचं, थोरला म्हणून.

मी शेडमध्ये पाऊल टाकलं तर नावेच्या पोटाखाली धार लागलेली. टाकीची खालची तोटी पुरी उघडी, आणि आमचं मोजून-मापून राखलेलं पाणी भदाभदा मातीत चाललेलं. नवरा दारातल्या नळाला मोटार लावून, पाइप ओढत शिडीकडे धावत होता. चेहरा अगदी खुशीत.

"हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

"नळ आले न. थे शिळं झालं होतं."

असं म्हणाला आणि मग त्यानं स्वतःचंच बोलणं ऐकलं. पाइप हातातून पडला. धावत जाऊन तोटी बंद केली, पण तोवर तळाशी राहिलं तेवढंच राहिलं. इकडं आमची मोटार गुरगुरली, जळका वास आला आणि बंद पडली. गल्लीतून हंड्यानं पाणी आणता आलं असतं. दोघांपैकी कुणी हललं नाही.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. माझा नवरा रडणारा माणूस नाही, पण त्याचा आवाज फाटला. "सारी उमर जहाजावर काढली. आन् नळ आले म्हणलं की हात आपोआप... समुद्रात असतो तर मेलो असतो. तुले घेऊन मेलो असतो." मग म्हणाला, "विकून टाकू. मी नाही नेत तुले."

आता खरं सांगते. याच क्षणाची मी मनातून वाट पाहत होते. नाही म्हणायचं पाप माझ्या माथ्यावरून उतरलं होतं, देवानं आयतं ताट वाढलं होतं. फक्त "बरं" म्हणायचं होतं. मी नावेकडे पाहिलं. तिचं पोट खालून ओलं झालं होतं, आणि ओल्या भागावर दारातला उजेड हलत होता. पहिल्यांदाच ती मला पाण्यावरची दिसली. दुसऱ्या कुणीतरी ती विकत घेईल, रंग बदलेल, माझ्या शेगडीवर स्वयंपाक करेल, हे मनात आलं आणि मला असा संताप आला की काही विचारू नका.

"उठा," मी म्हटलं. "डाळीपुरतं गोड पाणी आहे न तळाशी? पिठाले खारं चालते, मीठ वाचते. शेडमागच्या विहिरीतून आणा दोन बादल्या."

"परीक्षा मोडली न अवं."

"समुद्रावर टाकी फुटली असती तर काय परीक्षा मोडली म्हणून घरी आलो असतो?"

तो पायरीवरून उठला. "म्हंजे तू हाव म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. समुद्रावर सांगते, असं ठरलं आहे."

उरलेले दिवस आम्ही तसेच काढले. भाकरी खाऱ्या पाण्याची, डाळ गोड्याची, अंग ओल्या फडक्यानं पुसायचं. पाणी पिण्याआधी नवरा मला विचारायचा. त्या तोटीला मी लाल नाडा गुंडाळून तीन गाठी मारल्या. पुढे गल्लीत नळ आल्याची आरोळी उठली की तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचा, आणि मला हसू आवरायचं नाही.

पुढे एका हिवाळ्यात नाव निघाली. क्रेननं तिला उचलून लांब ट्रेलरवर ठेवलं. आम्ही नावेत राहायला गेल्यापासून सासूबाई धाकट्या दिराकडे होत्या, त्या मुद्दाम आल्या, खालूनच ओवाळलं आणि लोखंडाला हात लावून म्हणाल्या, "सांभाळजो वं माय. पोरालेही आन् सुनेलेही." मी अजून कुठं हो म्हटलं होतं? पण त्यांना कोण सांगणार. गावाबाहेर गेल्यावर ट्रेलर पुढे आणि आमची जीप मागे. तुरीच्या शेतांच्या वर, पिवळ्या फुलांच्या वर, ती नाव चाललेली. निंदणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मीही जीपमध्ये बसल्या बसल्या नकळत पदर सारखा केला.

कोकणातल्या एका खाडीत तिला पाण्यात सोडलं. क्रेनचे पट्टे ढिले पडले तेव्हा मी आत उभी होते. तोवर ती वस्तू होती. पट्टे सुटले आणि तिनं पायाखाली एक श्वास घेतला. पायाखालची जमीन सरकणं मी पोरांना वाक्यात उपयोग करा म्हणून दिलं होतं, ते माझ्याच पायांना कळलं. मी कठडा धरला. या वेळी "लाट" म्हणून कुणी ओरडलं नव्हतं.

तिथं आम्ही डोलकाठी उभी होईपर्यंत, शिडं बांधून होईपर्यंत राहिलो. आमच्या कडक उन्हात वाळवलेले पापड आणि कुरडया तिथल्या दमट हवेनं मऊ पडल्या, म्हणून बऱ्याचशा तळून शेजारच्या मच्छीमारांना वाटून टाकल्या. नवऱ्यानं मला एकदाही विचारलं नाही. मी धुणं वाळत घालत असले की तो माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि पुन्हा दोराला लागायचा. दिवसेंदिवस तो वाळत चालला होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात एक फेरी मारायला बाहेर गेलो. खाडीचं तोंड ओलांडलं, त्यानं इंजिन बंद केलं आणि शीड फुगलं. मागे किनारा बारीक होत होत एक रेघ झाला, मग तीही बुडाली. मी गोल फिरून पाहिलं. चारही बाजूंना माझ्या नकाशातली उरलेली जागा. मी आयुष्यभर पोरांना उलटं शिकवलं होतं. उरलेले आम्ही होतो, कडेकडेला चिकटलेले, आमच्या शाळा आणि बाजार आणि भांडणं घेऊन.

"किती खोल आहे?" मी विचारलं.

"इथं थोडकं. पुढं गेल्यावर आपला सातपुडा उभाच्या उभा बुडीन."

मला रडू आलं. दुःख नव्हतं, भीती होती पण रडू तिच्यामुळे आलं नव्हतं. एवढं मोठं काहीतरी आहे आणि ते मला दिसलं, म्हणून आलं. नवऱ्याला वाटलं मी घाबरले. त्यानं नाव परत वळवली, आणि त्याचे खांदे पडलेले मला मागून दिसले.

निघायच्या सकाळी जमिनीकडून वारा होता. टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, तोटीला नाडा होता. नवरा दोराशी बसला होता. गाठ हातात धरलेली, सोडत नव्हता, आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

मी खाली गेले. माहेराहून आणलेला पितळी तांब्या काढला आणि पेडल दाबायला लागले. वर त्याला आवाज ऐकू येत असणार. एकदा, दोनदा, तांब्या भरेपर्यंत. एरवी त्यानं वरूनच गलका केला असता. मी वर आले, नावेच्या काठाशी बसले, पदर डोक्यावर घेतला. खाली पाणी लोखंडाला येऊन थापटत होतं, आणि लक्षात आलं की हा समुद्र किती वर्षं आमच्या दारात उभा आहे. शेडमध्ये, पत्र्यांत, माझ्या फळ्यावर, माहेरच्या विहिरीच्या तळाशी. आणि मी त्याला अजून पाणी विचारलं नव्हतं.

"घे बापा," मी म्हटलं, "गोड आहे," आणि तांब्या ओतला.

सगळा ओतला. मागे वळून पाहिलं तर नवरा उभा राहिला होता. माझ्या माहेरचा तांब्या तो कुठं विसरणार होता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, माझ्या हातातला रिकामा तांब्या घेऊन जागेवर ठेवला आणि मग दोर सोडला.